परदेशी शिकायला जाणारी पोरे बोलती झाली पाहिजेत



जिल्हा मेळाव्यात आपण भावावर बोलतो, कर्जावर बोलतो, वीजबिलावर बोलतो. या वेळी मी वेगळा विषय काढतो आहे. परदेशातल्या विद्यापीठांत एम.ए., एम.एस्सी., पीएच.डी. करायला जाणाऱ्या आपल्या पोरापोरींचा. काही जण म्हणतील, घरात नाही दाणा आणि मला हवालदार म्हणा! कापसाच्या भावात वेचणीची मजुरी निघेना, शाळूच्या ताटाला पाणी मिळेना, आणि हे लंडन-अमेरिकेच्या गोष्टी सांगायला लागले. त्यांचा राग मला मान्य आहे. तरी विषय आपलाच आहे. कसा, ते सांगतो. वाचून पटले नाही तर मेळाव्यात उभे राहून बोला.

वाट उघडली, पण अर्धीच

पूर्वी परदेशी शिक्षण म्हणजे डॉक्टर-वकिलांच्या, कारखानदारांच्या घरातली गोष्ट. आता तसे राहिलेले नाही. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून आहे. पुढे इतर मागासवर्गीयांसाठी, आदिवासींसाठी, खुल्या गटातल्या गरिबांसाठी अशा योजना आल्या. २०२३ मध्ये सारथीमार्फत मराठा-कुणबी समाजातल्या ७५ विद्यार्थ्यांसाठी महाराजा सयाजीराव गायकवाडांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू झाली. माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातले पोर आज या दारापर्यंत जाऊ शकते.

शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज. तिथे मात्र आपली गाडी चिखलात रुतते. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक साधारणपणे तारण मागते. तुम्ही सातबारा पुढे करता. २००२ च्या सरफेसी कायद्यात, कलम ३१ मध्ये, शेतजमीन वगळली आहे. म्हणजे त्या कायद्याखाली बँकेला ती जप्त करून विकता येत नाही. शेतकऱ्याच्या बचावासाठी ठेवलेले कलम आहे, पण त्याचा दुसरा अर्थ असा की बँकेच्या टेबलावर दहा एकर रानाला शहरातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटइतकीही किंमत राहत नाही. 'इंडिया'तल्या मुलाला बापाचा फ्लॅट उपयोगी पडतो, 'भारता'तल्या मुलाला बापाची जमीन पडत नाही. म्हणून आपल्या मुलांचा खरा आधार शिष्यवृत्तीच.

आणि शिष्यवृत्तीत काय मिळते? फी मिळते, तिथे राहण्याखाण्याचा भत्ता मिळतो, विमानाचे तिकीट मिळते. पण आधी प्रवेश स्वतः मिळवावा लागतो. परीक्षेची फी, अर्जाची फी, कागदपत्रे, सगळे आपल्या खिशातून. आणि प्रवेश मिळून पोर तिकडे उतरले की पुढचा प्रश्न पैशाने सुटत नाही. उत्तम बियाणे फुकट दिले आणि एकही कुळवाची पाळी न देता पेरायला सांगितले, तर उगवण किती होणार? आपल्या पोरांचे नेमके तसे होते. बियाणे चांगले आहे. मशागत कुणी करत नाही.

अडचण इंग्रजीची आहे का?

सगळे म्हणतात, आपली पोरे इंग्रजीत मार खातात. मला हे निदान अर्धवट वाटते.

आपल्या खानापूर, आटपाडी, तासगाव भागातली, तशीच माण-खटावची माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. विट्याकडचा पोरगा शाळा सोडून केरळात जातो, बंगालात जातो, तमिळनाडूत जातो. व्याकरणाचे पुस्तक उघडत नाही. वर्षभरात तिथल्या सराफाशी त्याच्या भाषेत भाव करतो, भांडतो, उधारी वसूल करतो. भाषा शिकण्याची अक्कल आपल्या मातीत नाही, असे कोण म्हणेल?

इंग्रजीची परीक्षा आहेच. आयेल्ट्स नावाच्या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे असे चार भाग असतात आणि चांगली विद्यापीठे ९ पैकी साडेसहा-सातच्या आसपास गुण मागतात. मेहनतीने ते मिळतात. शिवाय तिकडच्या वर्गात चीनचे, ब्राझीलचे, इराणचे, आफ्रिकेचे विद्यार्थी असतात आणि त्यांतल्या कित्येकांचे इंग्रजी आपल्याइतकेच मोडकेतोडके असते. तरी ते हात वर करतात. आपले पोर करत नाही.

का करत नाही? कारण त्याने लहानपणापासून एकच पाहिले आहे. बाप तलाठ्यापुढे उभा, बाप सोसायटीच्या सचिवापुढे उभा, बाप बँकेच्या साहेबापुढे टोपी हातात घेऊन उभा. साहेब बसलेला आणि बाप उभा. प्रश्न विचारला की साहेब चिडतो, काम अडते. शाळेतही तेच. गुरुजींनी सांगितले ते पाठ करायचे. उलट विचारले तर 'फार शहाणा झालास' हे ऐकायचे. अशा घरातून आणि अशा शाळेतून गेलेल्या पोराच्या जिभेला गाठ बसते. ती इंग्रजीची गाठ नाही. मोठ्या माणसापुढे बोलायचे नसते, ही शिकवण त्याच्या अंगात मुरलेली असते. इंग्रजीचा क्लास लावून ती सुटत नाही.

तिकडची रीत काय असते?

जी गोष्ट कुणी सांगत नाही ती आधी सांगतो. तिकडच्या पदव्युत्तर वर्गात गप्प बसणे म्हणजे आदर नव्हे. गप्प बसणारा वाचून आलेला नाही, असे धरले जाते. दहा-पंधरा जण टेबलाभोवती बसतात, सगळ्यांनी तोच लेख वाचलेला असतो, आणि प्राध्यापक विचारतो : यात चूक काय आहे? आपला विद्यार्थी गोंधळतो. छापलेल्या लेखात चूक कशी असेल? आणि असली तरी ती काढणारा मी कोण?

दुसरी गोष्ट. प्राध्यापक आठवड्यात काही ठरलेले तास केवळ विद्यार्थ्यांसाठी बसतात. कुणीही जावे, अडले ते विचारावे. गोऱ्याचे, चिन्याचे पोर जाते. आपले जात नाही, कारण साहेबाच्या दारात जाणे म्हणजे काहीतरी मागायला जाणे, हे ते घरून शिकून आलेले असते. सहा महिन्यांनी नापास झाल्यावर कळते की दार उघडेच होते.

तिसरी गोष्ट बांधाची. बांध काय असतो हे शेतकऱ्याला सांगायला नको. वीतभर बांध कोरला तर तीन पिढ्या कोर्टात जातात. तिकडे लिखाणात असाच बांध असतो. दुसऱ्याचा विचार कुठे संपला आणि माझा कुठे सुरू झाला, ते कागदावर स्पष्ट दिसले पाहिजे. ज्याचा विचार त्याचे नाव. आपल्याकडे गाईडातले उतारे जसेच्या तसे उतरवून पोर पहिले येते. तिकडे तेच केले तर ती चोरी ठरते. गुण जातात, प्रकरण वाढले तर प्रवेशही जातो. पोराच्या मनात चोरी नसते, पण नियम कुणी सांगितलेलाच नसतो. आता यंत्राकडून निबंध लिहून घेण्याची सोय झाली आहे. तोही बांध कोरण्याचाच प्रकार. ज्याने आयुष्यात स्वतःचे एक पान लिहिले नाही, तो या मोहात आधी पडतो.

चौथी गोष्ट वेळेची. ब्रिटनमध्ये बहुतेक एम.ए., एम.एस्सी. एका वर्षाची असते. सप्टेंबरात उतरला की दिवाळी संपते न संपते तोच पहिले निबंध द्यायचे. सराव व्हायला वेळच नाही. त्यातच खर्चाची ओढाताण. ब्रिटनमध्ये सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येते. अमेरिकेतही मर्यादा तेवढीच, तेही विद्यापीठाच्या आवारात. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या 'कमवा आणि शिका'वर वाढलेल्या या जिल्ह्यांना कष्टाची लाज नाही. पण पहिल्या दोन महिन्यांत पोर कामाच्या तासांमागे लागले तर अभ्यासाचा वापसा निघून जातो, आणि वापसा गेल्यावर कितीही तिफणी चालवा, उपयोग नसतो.

पाचवी गोष्ट, फोनवरच्या खोट्याची. पोर म्हणते, 'सगळे झकास आहे.' खरे म्हणजे ते थंडीत एकटे बसलेले असते, कागद परत आलेला असतो. आईबाप म्हणतात, 'इकडे पाऊसपाणी बरे आहे.' खरे म्हणजे विहीर आटलेली असते. दोन्हीकडून माया, दोन्हीकडून खोटे. तिकडे आजारपणात, अडचणीत मुदत वाढवून मागता येते. मनाची तब्येत बिघडली तर बोलायला विद्यापीठाचीच माणसे असतात, बोललेले बाहेर जात नाही. पण मागावे लागते. कर्जाचे पुनर्गठन मागण्यात आपण कमीपणा मानत नाही, मग पोराने आठवड्याची मुदत मागण्यात कमीपणा कसला?

साताऱ्याच्या शाळेतला एक विद्यार्थी

यावर कुणी म्हणेल, कोरडवाहू मुलखातल्या पोराला हे जमायचे नाही. त्याला आपल्याच जिल्ह्याचे उत्तर आहे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भीमराव आंबेडकर यांचे नाव दाखल झाले. त्यांचे वडील काही काळ खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर, तलावाच्या खोदाईवर, खजिनदार होते. म्हणजे आपल्याच दुष्काळाच्या सावलीत वाढलेले मूल. शाळेत त्यांना अस्पृश्य म्हणून वेगळे बसावे लागे. बोलायला बंदी कशी असते, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक होते?

१९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. त्या विषयावर मोठमोठ्या विद्वानांनी जे लिहिले होते, त्यातले काय पटते आणि काय पटत नाही, ते त्यांनी नावे घेऊन मांडले. मघाशी सांगितलेला बांध तो हाच.

पुढे १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पैसे जमवून, शाहू महाराजांची मदत घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा गेले. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा प्रबंध १९२३ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्याला प्रस्तावना त्यांचे प्राध्यापक एडविन कॅनन यांची. आणि त्या प्रस्तावनेत कॅननसाहेब स्पष्ट लिहितात की आंबेडकरांचे काही मुद्दे त्यांना मान्य नाहीत! मते जुळत नाहीत, तरी गुरू शिष्याच्या पुस्तकाला प्रस्तावना देतो. आपल्याकडे मार्गदर्शकाशी मतभेद झाला तर प्रबंध किती वर्षे कपाटात पडेल, याचा विचार करा.

या शिक्षणाचा शेतकऱ्याला काय उपयोग झाला? १९१८ मध्ये आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतजमिनींवर लेख लिहिला. तुकडे लहान म्हणून शेती तोट्यात, असे तेव्हाही सगळे म्हणत. त्यांनी उलट दाखवून दिले की नुसत्या एकरांनी जमीन लहान-मोठी ठरत नाही. तिच्यावर भांडवल आणि अवजारे किती लागतात यावर ठरते. शेतीवर नाइलाजाने बसून असलेली माणसे उद्योगधंद्यात गेल्याशिवाय शेती सुधारायची नाही. शंभर वर्षे उलटून गेली, मुद्दा अजून ताजा आहे.

कापूसवाल्याचे यात काय?

'शिकून गेलेला परत येत नाही, मग आपल्याला काय मिळाले?' हा प्रश्न मेळाव्यात येणारच. आपली चळवळ स्वातंत्र्य मानणारी आहे. शेतकऱ्याच्या मालाला बंदी नको म्हणणाऱ्यांनी शेतकऱ्याच्या पोराला बंदी घालू नये. तो कुठे राहील ते तो ठरवील. पण परत येणारेही आहेत. साताऱ्यात जन्मलेले शरद जोशी स्वित्झर्लंडमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या टपाल संघटनेत अधिकारी होते. १९७० च्या दशकात ती नोकरी सोडून आले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः तोटा सोसला आणि उत्पादन खर्चाचा हिशेब देशापुढे मांडला.

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे अमेरिकेत कष्ट करत शेतीशास्त्र शिकले. गदर चळवळीमुळे मायदेशाची दारे बंद झाली तेव्हा मेक्सिकोत गेले, तिथली भाषा शिकले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या वाणांवर काम केले आणि तिथल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा चालवल्या. मराठी माणसाची जीभ स्पॅनिशमध्येही चालली ती अशी.

आता कापसाचे बघा. अमेरिका आपल्या कापूसवाल्याला अनुदान देई आणि जगातला भाव पडे. २००२ मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत दावा लावला. तो दावा मोर्च्याने जिंकला नाही. अनुदानाने भाव किती पडतो, याचे गणित मांडून जिंकला. आणि ते गणित मांडणारा अर्थशास्त्रज्ञ अमेरिकेतल्याच कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठातला होता. २००४ मध्ये निकाल ब्राझीलच्या बाजूने, २००५ मध्ये अपिलातही तेच. शेवटी २०१४ च्या समझोत्यात अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस संस्थेला ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवले. बेनिन आणि चाड ही आफ्रिकेतली गरीब कापूसवाली राष्ट्रेही त्या दाव्यात बाजू मांडायला बसली होती.

तुमच्या कापसाचा भाव जिथे ठरतो त्या टेबलाशी बसायला वाचता, लिहिता आणि समोरच्याला खोडता येणारी माणसे लागतात. ज्याने कापूस वेचताना बोंडाने बोटे फाडून घेतली आहेत, असा एक जरी त्या टेबलाशी बसला, तरी बोलण्यात फरक पडेल. पण तो बसला पाहिजे आणि बोलला पाहिजे. नुसता बसून उपयोग नाही.

मेळाव्यापुढे मांडावयाच्या सूचना

पहिली. तालुका बैठकीत, जिथे असा विद्यार्थी असेल तिथे, त्याला दहा मिनिटे उभे करा. त्याने आपला विषय आपल्याला मराठीत सांगावा. मग आपण प्रश्न विचारायचे, आडवेतिडवे विचारायचे. जतच्या शेतकऱ्याला ज्याने आपला विषय समजावला, त्याला लंडनचा प्राध्यापक अवघड नाही. आणि ज्याला तो मराठीत समजावता येत नाही, त्याला तो समजलेलाच नाही. मुलींना आधी उभे करा. त्यांच्या जिभेवर दोन गाठी असतात.

दुसरी. जायच्या आधी सहा महिने आठवड्याला एक पान स्वतःच्या शब्दांत लिहायचे. वाचलेले काय, कुणाचे, मला त्यात काय पटत नाही. मराठीत सुरुवात करा, मग इंग्रजीत.

तिसरी. आधी जाऊन आलेल्यांना गाठा. बुलढाणा जिल्ह्यातल्या शेतकरी कुटुंबातले राजू केंद्रे चेव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला शिकून आले. त्यांची 'एकलव्य' संस्था २०१७ पासून पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्यांना अर्ज, निबंध, मुलाखत यांसाठी हाताला धरून तयार करते आहे. विदर्भात होते ते सांगली-साताऱ्यात का होऊ नये? आपल्या जिल्ह्यांतून परदेशी गेलेल्यांनी दर महिन्याला एक पत्र या अंकासाठी लिहावे. फोटो नकोत. काय अडले आणि कसे सुटले, एवढेच.

चौथी, सरकारसाठी. शिष्यवृत्तीची यादी सत्र सुरू होण्याच्या पुरेशी आधी लावा. आणि निवड झालेल्यांना चर्चेची, लिखाणाची, तिकडच्या नियमांची निदान सहा आठवड्यांची तयारी त्याच योजनेच्या पैशातून द्या. माणशी लाखो रुपये खर्च करायचे आणि चार हजारांच्या मशागतीवर हात आखडायचा, हा हिशेब कोणत्या शेतकऱ्याला पटेल?

पाचवी आपल्या स्वतःसाठी, आणि तीच सगळ्यांत अवघड. घरात पोराने उलट विचारले तर रागावू नका. 'बाबा, हे बियाणे का घेतले? सावकाराचा दर किती? हिशेब दाखवा.' असे विचारले तर दाखवा. फोनवर 'मार्क किती' विचारण्याआधी 'या आठवड्यात कुणाला काय विचारलेस' हे विचारा. साहेबाला 'उत्पादन खर्च किती धरला?' असे विचारायला या चळवळीने आपल्याला शिकवले. तो प्रश्न विचारला त्या दिवशी आपण ताठ उभे राहिलो. तेवढे पोरांना घरातच शिकवता आले, तर इंग्रजी ती शिकून घेतील.